अडतीस नंबरची बाटली

४ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

फोन करावा असं मामीचं म्हणणं होतं. पण यंत्रांच्या घरघरीत तीस वर्षं काढल्यावर माझ्या कानांनी फोनपुढे हात टेकलेत. मोबाइलवर लिहावं तर एका अक्षरासाठी बोट तीन अक्षरं दाबतं. मागे तुझ्या आईला 'पोचलो' लिहायचं होतं, ते तिला काय मिळालं कुणास ठाऊक, ती तासाभरात घरी येऊन धडकली. तेव्हा आपलं पत्रच बरं.

काम तुझ्या धंद्यातलं आहे. आमची लॅब पाणी तपासते, हे तुला माहीत आहेच. विहिरी, बोअर, टाक्या, सगळीकडचं पाणी बाटल्यांतून येतं. प्रत्येक बाटलीवर नंबराची चिठ्ठी असते. थोडं पाणी यंत्रात घातलं की तीन मिनिटांत त्यात नायट्रेट किती ते शेजारच्या कॉम्प्युटरवर दिसतं. इथवर सगळं छान. मग ती 'सेव्ह ॲज'ची खिडकी उघडते आणि माझी परेड सुरू होते. फोल्डर दर वेळी भलतंच दाखवते, ते बदला. फाइलचा प्रकार चित्र असा धरते, तो तक्ता करा. मग नाव लिहा: पाणी आणणाऱ्या गाडीची फेरी, तारीख, बाटलीचा नंबर. मग सेव्ह. दिवसाला साठ-सत्तर बाटल्या. म्हणजे एकच गोष्ट साठ-सत्तर वेळा तिला नव्याने समजावून सांगायची. इतक्या वेळा सांगितलं तर तुझ्या मामीलाही राग येईल.

हल्ली उजवा अंगठा फार दुखतो. माउस धरवत नाही. निवृत्तीला दोन वर्षं आहेत, ती अंगठ्याने काढू दिली पाहिजेत. तुझी आई म्हणते, माणसाने दाबायची बटणं आपोआप दाबली जावीत अशी व्यवस्था तू लावून देतेस. मला देशील का?

तुझा,
मामा


११ फेब्रुवारी

ती. मामा,
साष्टांग नमस्कार.

आईला तू 'पोचलो'ऐवजी 'पडलो' पाठवलं होतंस. तिने ते अजून जपून ठेवलंय.

तुझं काम होण्यासारखं आहे. माझ्या ऑफिसात मी दिवसभर तेच करते. काही जुन्या प्रोग्रॅमना आत शिरायला दारच ठेवलेलं नसतं. मग बाहेर उभं राहून, माणूस दाबेल तीच बटणं दाबणारी एक यादी लिहायची. तिला आम्ही स्क्रिप्ट म्हणतो. ही खिडकी उघडली की हे लिही, मग एंटर दाब, इतकं साधं असतं ते. तुझ्या खिडकीत फोल्डर शोधत बसायची गरजच नाही. नावाच्या चौकटीत फोल्डरचा सगळा पत्ता आणि नाव एकदम लिहिलं की ती मुकाट्याने तिथे सेव्ह करते.

मी पेन ड्राइव्ह पाठवते. पण आधी चार गोष्टी कळव. कॉम्प्युटर नेटला जोडलेला आहे का? त्या खिडकीच्या माथ्यावर नेमकं काय लिहिलंय? एक अक्षर, एक ठिपकाही सोडू नकोस. खिडकी आकडा आल्यावर लगेच उघडते की थोडं थांबून? आणि तुझ्या मोठ्या बाईंना हे चालणार आहे ना? लॅब त्यांची आहे, त्यांना विचारून घे.

अंगठ्याला शेक दे. आणि मामीला दाखव, नाहीतर कुणालाच न सांगता सोसत बसशील.

तुझी,
खारूताई


१९ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
आशीर्वाद.

कॉम्प्युटर नेटला नाही, आणि त्याला पेन ड्राइव्ह लावायला बंदी आहे. मागे एकाने लावला होता तेव्हा आठवडाभर यंत्र आजारी पडलं. तेव्हा तू कागदावर लिहून पाठव, मी नोटपॅडमध्ये टाइप करतो. त्या खिडकीचं चित्र सोबत जोडलंय. आलेखाच्या कागदावर पट्टीने काढलंय, त्यामुळे खिडकी खरीपेक्षा जास्त सरळ दिसेल.

मोठ्या बाईंचं म्हणशील तर त्यांना लॅबमधलं सगळं ठाऊक असतं. त्याची काळजी नको.

तुझ्या पत्रातलं वाचून मीच आधी एक छोटा प्रयोग करून पाहिला. वाटलं, आपणही काही अगदीच ढ नाही. तुझ्या आईच्या धाकट्याने, म्हणजे तुझ्या भावाने, मागे मला असल्या चार ओळी शिकवल्या होत्या. 'पाच सेकंद थांब आणि नाव लिही' असं लिहिलं. त्या दिवशी खिडकी सहा सेकंदांनी उघडली. माझं नाव मागच्या प्रोग्रॅमवर जाऊन सांडलं. त्यातलं एक अक्षर म्हणजे यंत्राला 'नळ्या धू' असा हुकूम असतो, हे मला तीस वर्षांत ठाऊक नव्हतं. पंधरा मिनिटं ते नळ्या धूत बसलं आणि त्यात एक अख्खी बाटली गिळली. परत पाणी मागवावं लागलं.

आणखी एक. कधी कधी आकडा विचित्र वाटला तर मी तीच बाटली पुन्हा लावतो. मग सेव्ह करताना आणखी एक खिडकी येते: 'या नावाची फाइल आधीच आहे. बदलायची का?' हो आणि नाही अशी दोन बटणं. तिचं काय करायचं?

तुझा,
मामा


२५ फेब्रुवारी

ती. मामा,
साष्टांग नमस्कार.

तुझी चूक प्रत्येक शिकाऊ माणूस करतो. मीही पहिल्या वर्षी एका कंपनीच्या साहेबांच्या पत्रात शंभर वेळा फोल्डरचा पत्ता छापला होता. घड्याळ बघून थांबायचं नसतं, खिडकी बघून थांबायचं असतं. सोबत बावीस ओळी आहेत, जशाच्या तशा टाइप कर. चौथ्या ओळीपासून सातव्या ओळीपर्यंत स्क्रिप्ट सारखी विचारत राहते: खिडकी आली का, आली का? आल्याशिवाय एक अक्षर लिहीत नाही. सुरुवातीला ती तुला फक्त बाटलीचा नंबर विचारेल. तेवढा टाइप कर. फेरी, तारीख, प्रकार, सेव्ह, पुढच्या बाटलीसाठी पडदा साफ करणं, हे सगळं ती करेल. माउसला हात लावायला नको.

'बदलायची का?' या खिडकीचं मी असं केलंय. त्या खिडकीत आधीपासून 'नाही' निवडलेलं असतं. नुसतं एंटर दाबलं तर सेव्ह होणार नाही आणि तू तिथेच अडकशील. म्हणून चौदाव्या ओळीत तिला 'हो' दाबायला सांगितलंय. तू तीच बाटली पुन्हा लावतोस तेव्हा दुसरा आकडा जास्त भरवशाचा, खरं ना? मग दर वेळी विचारायचं कशाला.

फक्त एक सांग. दोन वेगळ्या बाटल्यांना एकच नंबर असं कधी होतं का? होत असेल तर चौदावी ओळ वेगळी लिहावी लागेल.

तुझी,
खारूताई


८ मार्च

चि. खारूताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चालली. टाइप करायला दोन दिवस लागले. एकदा अवतरणचिन्ह राहिलं, एकदा मी शून्याच्या जागी 'ओ' लिहिला. पण काल सकाळपासून चालते आहे आणि मी नुसता बघत बसलोय. खिडकी उघडते, नाव आपोआप उमटतं, खिडकी मिटते. कुणी अदृश्य कारकून शेजारी बसवल्यासारखं वाटतं. पहिल्या दिवशी एकसष्ट बाटल्या चार वाजता संपल्या. पूर्वी साडेसहा व्हायचे. मामीने दार उघडलं आणि विचारलं, नोकरी गेली की काय.

दोन बाटल्यांना एकच नंबर कधीच नसतो. चिठ्ठ्या छापील असतात. चौदावी ओळ आहे तशी राहू दे.

अंगठा बरा आहे. तुझ्या हाताला यश आहे, पोरी.

तुझा,
मामा


२१ एप्रिल

चि. खारूताईस,
आशीर्वाद.

घाईत लिहितोय. एवढंच कळव: तुझी स्क्रिप्ट एखादी फाइल भलत्या फोल्डरात ठेवू शकते का? किंवा एखादी सेव्ह न करताच पुढे जाऊ शकते का? मी सगळीकडे शोधलं. उलट टपाली कळव.

मामा


२६ एप्रिल

ती. मामा,
साष्टांग नमस्कार.

दीड महिन्याने पत्र, तेही चार ओळींचं. म्हणजे माझी स्क्रिप्ट तुझी लाडकी झालेली दिसते.

भलत्या फोल्डरात जाणार नाही, पत्ता पक्का लिहिलेला आहे. सेव्ह न करताही पुढे जाणार नाही, खिडकी मिटल्याची खात्री करूनच ती पुढची बाटली विचारते. शोधायचंच असेल तर मोजणी जुळवून बघ. यंत्र दिवसभरात किती वेळा पाणी तपासलं ते स्वतः मोजून ठेवत असेल. तो आकडा आणि त्या दिवसाच्या फाइलींचा आकडा एकच यायला हवा. एखादी बाटली पुन्हा लावली असेल तेवढाच फरक पडेल. आणि प्रत्येक फाइलीवर ती कधी सेव्ह झाली ती वेळ असते, तीही बघ.

हरवलंय तरी काय? आणि मागच्या पत्रात तुझ्या दोन ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. इतकी कसली घाई असते रे तुला?

तुझी,
खारूताई


३ मे

चि. खारूताईस,
आशीर्वाद.

तुझ्यापासून लपवलं ते आता सांगतो. बसून वाच.

लाकडाच्या वखारीमागे एक वस्ती आहे. तीस-पस्तीस घरं, सगळ्यांना मिळून एक बोअर. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिथलं पाणी आमच्याकडे आलं होतं, अडतीस नंबरची बाटली. आमचा अहवाल गेला: पिण्यास योग्य. त्यानंतर आठ दिवसांनी तिथलं तीन महिन्यांचं एक बाळ दवाखान्यात नेलं. ओठ आणि नखं निळी पडली होती. आईला दूध नाही, म्हणून ती पावडर त्या पाण्यात कालवून पाजत होती. डॉक्टर हुशार निघाले. त्यांनी पाणी दुसऱ्या लॅबला पाठवलं. नायट्रेट मर्यादेच्या चौपट. मोठ्यांना ते पाणी पिऊन काही कळतसुद्धा नाही, पण इतक्या लहान जिवाच्या रक्तात प्राणवायू धरायची ताकद उरत नाही.

बाळ वाचलं. आधी हेच लिहायला हवं होतं. सहा दिवसांनी घरी सोडलं.

तू सांगितलंस तसं मोजून पाहिलं. त्या दिवशी यंत्राने चौसष्ट वेळा पाणी तपासलं आणि फाइली त्रेसष्ट. मी एकही बाटली पुन्हा लावली नव्हती. अडतीस नंबर सकाळी अकराच्या सुमाराला लावला होता, पण त्याच्या फाइलीवर वेळ आहे दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. आणि तेहेतीस नंबरची फाइल त्या दिवशी नव्हतीच. दुसऱ्या दिवशी ती दिसेना, तेव्हा मला वाटलं लावायची राहिली, म्हणून लावली. म्हणजे झालं ते असं. अडतीसचं वाईट पाणी सकाळी बरोबर सेव्ह झालं. दुपारी तेहेतीसचं चांगलं पाणी लावताना मी नंबर अडतीस टाइप केला. वाईट फाइल पुसली, तिच्या जागी चांगली बसली.

घाईत बोट घसरलं. चूक सर्वस्वी माझी आहे. मोठ्या बाईंना मी एवढंच सांगितलंय की माझ्याकडून चुकीचा नंबर पडला. स्क्रिप्टचं बोललो नाही. त्यांना ती ठाऊक नाही. तुला मी खोटं लिहिलं होतं. आता तिचं नाव निघालं की तुझं निघेल, तुझ्या नोकरीला ते बरं नाही. कॉम्प्युटरमधून मी ती काढून टाकली आहे. तू ही पत्रं फाडून टाक.

मामा


७ मे

ती. मामा,
साष्टांग नमस्कार.

पत्रं फाडणार नाही. उलट सगळी काढून, तारखांप्रमाणे लावून पुन्हा वाचली. माझीही आठवत होती तेवढी लिहून काढली.

चूक सर्वस्वी तुझी नाही. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी त्या कॉम्प्युटरने एक प्रश्न विचारला होता. या नावाची फाइल आधीच आहे, बदलायची का? तो प्रश्न तुझ्यापर्यंत पोचलाच नाही, कारण मी अडीचशे कोसांवर बसून, सव्वा महिना आधीच त्याचं उत्तर देऊन ठेवलं होतं. ज्या कुणी ती खिडकी बनवली त्याने 'नाही' आधीपासून निवडून ठेवलं होतं. त्या माणसाला मी ओळखत नाही, पण त्याला ठाऊक होतं की घाईत असलेला माणूस नुसतं एंटर दाबतो, आणि तेव्हा काही पुसलं जाऊ नये. मी ते बोट उचलून 'हो'वर ठेवलं आणि तुला लिहिलं, दर वेळी विचारायचं कशाला. हे पत्रात माझ्याच अक्षरात आहे ना? ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

आणखी एक आहे. पूर्वी तू फोल्डर बदलून, प्रकार बदलून, नाव लिहीपर्यंत पाण्याचा आकडा पडद्यावर तुझ्यासमोर असायचा. मर्यादेच्या चौपट आकडा तुझ्या नजरेतून कधी सुटला नसता. मी पडदा लगेच साफ करायला लावला. ज्याला आपण दोघं परेड म्हणत होतो, ती तुझी राखण होती. तुलाही ते माहीत नव्हतं आणि मी विचारलं नाही.

आता तुझं. मामा, तीन आणि आठ ही बटणं शेजारी नाहीत. वरच्या रांगेत मध्ये चार बटणं आहेत, बाजूच्या चौकटीत एक वर आहे आणि एक खाली. बोट घसरून तिनाचा आठ होत नाही. डोळा घसरून होतो. तुझ्या पत्रांतल्या ओळी मार्चपासून एकमेकींवर चढतायत. अक्षर दुपटीने मोठं झालंय. मला वाटलं घाई आहे. अंगठा दुखत होता की त्या खिडकीतली बारीक अक्षरं दिसत नव्हती?

मी आजच तुझ्या मोठ्या बाईंना पत्र टाकते आहे. बावीस ओळी, चौदावी ओळ, कुणी लिहिली, का लिहिली, माझं नाव, पत्ता, सगळं. त्यांच्या हातात ते पडायच्या आधी तू स्वतः जाऊन त्यांना सांगितलंस तर मला फार बरं वाटेल. तुला राग येईल हे माहीत आहे. माझ्या नोकरीची काळजी करू नकोस. माझ्या साहेबांना मी सगळं सांगून झालंय. त्यांनी आमच्याकडच्या सगळ्या स्क्रिप्टांमधल्या अशा ओळी शोधायला लावल्या. एकवीस निघाल्या. त्यातल्या चौदा माझ्या होत्या.

तुझी,
खारूताई


२१ मे

चि. खारूताईस,
आशीर्वाद.

हे पत्र मी सांगतोय आणि मामी लिहिते आहे. त्यामुळे ओळी सरळ दिसतील.

राग आला होता. दोन दिवस मी मामीशीही बोललो नाही, आणि तिचा यात काहीच दोष नव्हता. (हे वाक्य तिने स्वतःहून दोनदा लिहिलं होतं, एक मी खोडायला लावलं.)

अंगठा दुखत नव्हता. वर्षभर उजव्या डोळ्यापुढे धुकं आहे, आणि डाव्यापुढे या वर्षी यायला लागलं. आधी कान गेले तेव्हा लॅबमध्ये लोक माझ्यासमोरच माझ्याबद्दल बोलायला लागले होते. डोळ्यांचंही कळलं तर मला एका कोपऱ्यात बसवून बाटल्या धुवायला लावतील, असं मनात बसलं. इंग्रजी तिनाचा आणि आठाचा फरक केवढासा, डावीकडून उघडा की बंद. मी चिठ्ठी खिडकीच्या उजेडात नेऊन वाचायचो. त्या दुपारी आभाळ आलं होतं. तू विचारलं होतंस, दोन बाटल्यांना एकच नंबर कधी होतो का. मी कधीच नाही म्हणून लिहिलं. चिठ्ठ्यांबद्दल ते खरं होतं. माझ्याबद्दल नव्हतं, आणि लिहिताना मला ते कळत होतं.

बाईंना तुझं पत्र पोचायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं: स्क्रिप्ट, डोळे, तुला लिहिलेलं खोटं. शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्ही मला विचारलं असतं, तर मी हो म्हटलं असतं. स्क्रिप्टलाही आणि रजेलाही. मला न विचारण्याइतकी मी तुम्हाला वाईट का वाटले?"

त्या वाईट नाहीत. मी कधी तपासूनच पाहिलं नाही.

मला यंत्रावरून काढलं आहे. लेखी समजही मिळाली, फाइलीला लागली. मार्चपासूनचे सगळे दिवस मोजून पाहिले. आणखी दोन दिवसांत एकेका फाइलीचा फरक निघाला. त्या दोन्ही फेऱ्यांचं पाणी पुन्हा मागवून तपासलं, ते चांगलं निघालं. निकाल येईपर्यंतच्या चार दिवसांत मला जेवण गेलं नाही. वस्तीतला बोअर बंद करून झाकण ठोकलंय. तिथे टाकी बसवून दुसरीकडून पाणी आणताहेत.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मामी घेऊन गेली. मोतीबिंदू आहे. म्हणाले, इतके दिवस कुठे होता?

तुझा,
मामा

ता. क. वरचं सगळं यांनी सांगितलं तसं लिहिलं. जेवण चार नाही, सहा दिवस गेलं नव्हतं. — मामी


२९ मे

ती. मामा,
साष्टांग नमस्कार. मामीला वेगळा.

तू जाऊन सांगितलंस, हे वाचून मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. बरं वाटून.

बाईंचं उत्तर आलं. एका पानाचं आणि कडक. वाचताना पाठ आपोआप ताठ होते. माझी चूक त्यांनी गोड करून सांगितली नाही, ते मला आवडलं. शेवटी लिहिलं होतं की माणसं इथून पुढेही थकणार, त्यामुळे स्क्रिप्ट हवीच आहे, पण नीट. ती आता त्यांच्या नावाने, त्यांच्या सहीने बसेल. काय काय हवं ते आम्ही तीन पत्रांत ठरवलं. आकडा पडद्यावर राहतो, आणि तपासणाऱ्याने तो स्वतः पुन्हा टाइप केल्याशिवाय सेव्हची खिडकी उघडतच नाही. नंबर दोनदा विचारते. फाइल आधीच असेल तर थांबते, जुनी तशीच ठेवते, नवीला वेगळं नाव देते आणि माणसाला हाक मारते. 'हो' कुठेही आपोआप दाबत नाही. तुझ्या जागी आलेली मुलगी म्हणते, याने वेळ फार जातो. बाईंनी तिला सांगितलं म्हणे, जाऊ दे.

ऑपरेशनची तारीख कळव. मी येते आहे. रजा टाकली. नको म्हणू नकोस.

तुझी,
खारूताई


९ जुलै

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

तू गेल्याला तीन आठवडे झाले. दुसऱ्या डोळ्याचं पुढच्या महिन्यात. झालेल्या डोळ्याने इतकं स्वच्छ दिसतं की मामीने घरातले सगळे कोपरे पुन्हा झाडून काढले.

बाईंनी मला बाटल्या धुवायला बसवलं नाही. पाणी आणायला जी गाडी फिरते, तिच्यावर दिलंय. बाटली भरायची, जागेवरच चिठ्ठी लावायची, नंबर मोठ्याने वाचायचा, ड्रायव्हरने तो ऐकून वहीत लिहायचा. तीस वर्षं मी पाणी तपासलं, पण ते कुठून येतं हे बघायला कधी गेलो नव्हतो. माझ्यासाठी ते नंबरच होते.

मंगळवारी वखारीमागच्या वस्तीत गेलो. टाकीचं पाणी भरायचं होतं. ते झाल्यावर ड्रायव्हरला थांबायला सांगितलं आणि त्या बाळाचं घर विचारत गेलो. लॅबने रीतसर पत्र पाठवलं होतं, पण त्यात 'नजरचुकीने' एवढाच शब्द होता. कुणाची नजर, ते नव्हतं.

बाळाची आई वखारीत फळ्या रचायचं काम करते. नुकतीच आली होती, हाताला भुसा होता. बाळ अंथरुणावर पालथं पडून पुढे सरकायचा प्रयत्न करत होतं. चांगलं गुटगुटीत आहे. मी दारातच उभा राहिलो आणि कोण ते सांगितलं. ऐकायला कमी येतं, तेव्हा जरा मोठ्याने बोला, हेही सांगितलं. मग जे झालं ते सगळं, स्क्रिप्टचं सोपं करून आणि डोळ्यांचं आहे तसं. तुझं नाव घेतलं नाही. ते मला सांगायचं नव्हतं, माझंच सांगायचं होतं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एकच विचारलं.

"दिसत नव्हतं, तर कुणाला सांगितलं का नाही?"

"लाज वाटली," मी म्हटलं.

तिने मान हलवली. क्षमा केली असं नाही, ऐकलं एवढंच. मग दाराशेजारी भिंतीवर चिकटवलेला कागद दाखवला. नव्या टाकीच्या पाण्याचा अहवाल होता, गेल्या आठवड्याचा, बाईंच्या सहीचा.

"हा तुमच्याच लॅबचा ना?"

हो म्हटलं. कोपऱ्यात दोन कॅन भरून ठेवलेले दिसले. बाळाच्या दुधाचं पाणी ती अजून मोठ्या रस्त्यापलीकडून, ओळखीच्या दुकानातून आणते, असं शेजारणीने सांगितलं. टाकी येऊन दोन महिने होत आले, पण हिचा विश्वास बसत नाही.

ती बाहेर गेली, टाकीच्या नळावर पातेलं भरून घेऊन आली. त्यातलं पेलाभर पाणी माझ्यापुढे धरलं. बसा म्हणाली नाही. मी उभ्याउभ्याच पेला तोंडाला लावला आणि तळापर्यंत प्यालो. ती माझ्याकडे बघत होती. नुसतं बघत नव्हती, तपासत होती. माणसाकडे इतकं नीट कुणी बघितलेलं मला आठवत नाही.

मग तिने माझ्या हातातून पेला घेतला, पातेल्यात उरलेलं पाणी शेगडीवर उकळायला ठेवलं, आणि बाळाची दुधाची बाटली विसळायला घेतली.

तुझा,
मामा